वरचा, खालचा

मडकं मी टिचकीनं तपासतो.
खणखणीत वाजलं तर बाजाराला,
बद्द बोललं तर कोंबड्यांना पाणी ठेवायला.
आव्यातली आग मला धुराच्या रंगावरनं कळते.
खानापूरच्या कौलांच्या कारखान्यात बावीस वर्षं
साहेब काट्याचं यंत्र लावायचे,
आणि मग मलाच विचारायचे, काय रे, झालं का?

आता हे दुसरं यंत्र.
बेळगावच्या सिव्हिलातनं वैजूसंगं घरी आलं,
झबली, डिंक, खारकांच्याच पिशवीत.
दंडाला पट्टा, पट्ट्याला नळी, नळीला डबी.
बटण दाबलं की फुगतं, आवळतं,
मग सुस्कारा सोडून दोन आकडे दाखवतं,
एक वरचा, एक खालचा.
सकाळी सात, रात्री सात.
फोटो काढायचा. पाठवायचा.

आमच्या चौकातल्या पाटीला दोनदा डांबर फासून झालंय,
एकदा त्या अक्षरांना, एकदा या.
डबीतल्या आकड्यांवर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.

दहा दिवस बाप्यानं बाळंतिणीच्या खोलीत जायचं नसतं.
गंगूआत्या दारात आडवी उभी राहिली.
मी हात धुतले, कोपरापर्यंत,
नखातली माती काडीनं काढली,
आणि तिच्या बाजूनं वाकून आत गेलो.
वेखंडाचा वास. बाजेखाली शेगडी.
पोरीचा दंड, तिच्या आईचाच.

तिची आई सातव्या दिवशी म्हणाली होती, डोकं दुखुलालंय.
आम्ही फडकं आवळून बांधलं.
आठव्या दिवशी म्हणाली, काजवे दिसुलालेत.
आम्ही मीठमोहऱ्या ओवाळल्या, धुरी वाढवली.
दिवाळीतले दिवस होते, आवा पेटलेला,
पणत्यांची घाई. मी रात्रभर आगीपाशी बसून होतो,
आणि एवढ्याशा भिंतीपलीकडं
नवव्या पहाटे तिचं अंग आकडी येऊन ताठलं.
तेव्हा वैजू होती नऊ दिवसांची.

शिवलीला सिस्टर फोनवर विचारते, तले नोव इदेया?
डोकं दुखतंय का, एवढं कानडी मला येतं.
ते वाक्य मी बाजारात शिकलो नाही.

सहाव्या रात्री डबीनं दाखवलं
वर एकशे बासष्ट, खाली एकशे दहा.
वैजू हसत होती. लाडू खात होती.
"मला काय होऊलालंय? काय नाही की, आबा."
गाल तांबूस, आवाज खणखणीत.
टिचकी मारली असती तर मी तिला पहिल्या भावात विकली असती.

घरात नेट नाही. आव्याच्या चौथऱ्यावर येतं, ते पण उभं राहिलं तर.
अंधारात राखेत उभा राहून हात वर धरला.
फोटो फिरत राहिला, गोल गोल,
माझं चाक कधी एवढं सावकाश फिरलं नव्हतं.
मग दोन बरोबरच्या खुणा.
मग लगेच फोन. ईगले करकोंड बन्नी.
गाडी पाठवलीय. आत्ता. सकाळी नाही.

पाच दिवस ठेवून घेतलं.
गंगूआत्या तिथं पायरीवर भाकरीचं गाठोडं घेऊन बसायची,
येणाऱ्याजाणाऱ्या बाईला विचारायची,
तुझा वरचा किती?

आता गोळ्या चालू आहेत.
आव्याच्या हिशेबाच्या वहीत, पणत्या, कुंड्या, उसनवारी,
त्याच पानांवर मी वैजूचे आकडे लिहितो.
बाळ पट्ट्याची नळी ओढतं.
आज डबीनं आकडाच दाखवला नाही,
नुसती आडवी रेघ, आणि पीं पीं.
मी घाबरून चौथऱ्यावर पळालो.
सिस्टर हसली. म्हणाली, मत्तोम्मे.

पुन्हा एकदा.
मी उतरलो, आत गेलो,
पट्टा सोडला,
पुन्हा बांधला.